शेऱ्याचा रकाना

सुमन गेली ती एका मंगळवारी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर. तिचे यजमान, ज्यांना आमच्या सोसायटीत सगळे भाऊ म्हणतात, दोन जिने उतरून आमच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, जरा वर येता का? सुमन उठत नाहीये." मी गॅस बंद केला आणि चपला न घालताच वर गेले. पुढचं सगळं मी नीट केलं. डॉक्टरांना बोलावणं, तिच्या मालवणच्या भावाला तार, तळमजल्यावरच्या फोनवरून नातेवाइकांना निरोप, कुणी कुठे बसायचं, कुणाला चहा द्यायचा... लोक म्हणाले, वत्सलाताई होत्या म्हणून निभावलं. त्याला आता सहा आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मसाल्यांचं कपाट मी दोनदा लावलं. संध्याकाळी तलावाच्या बांधावर फिरायला निघते आणि निम्म्या वाटेवरून परत येते, घरी काहीतरी करायचं राहिलंय असं वाटतं म्हणून. घरी येऊन पाहावं, तर गॅस बंद, नळ बंद, सगळं जागच्या जागी.

मीरा आणि नील, तुमच्या आईला मी दर रविवारी ह्यूस्टनला पत्र लिहिते. त्यात आकडे घालून मुद्दे असतात, एक हवा, दोन तब्येत, तीन सोसायटी, आणि त्यावरून तुम्ही दोघं हसता हेही मला ठाऊक आहे. त्या आठवड्याच्या पत्रात तिसऱ्या मुद्द्यात मी लिहिलं, 'सुमनमावशी वारल्या.' तुमच्या आईनं उलट टपाली विचारलं, 'आई, एवढंच?' आणि खाली मीराच्या मोठ्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत एक प्रश्न होता, सुमन कोण? मीरा, तुला सुमन माहीत नसावी हा माझा दोष. तुझ्या पहिल्या सव्वा महिन्यातल्या जवळजवळ सगळ्या अंघोळी तिच्या पायांवर झाल्या. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर त्याच्या आधीचंही सांगावं लागलं असतं. आज ते लिहिते आहे. पत्रात न लिहिता इथे लिहिते, कारण तुमच्याइतकंच ते आमच्या आसपासच्या लोकांनीही वाचायला हवं.

आम्ही दादर सोडून पवईला आलो तेव्हा नातेवाईक विचारायचे, हवा पालटायला गेलात का? समोर तलाव, मागे डोंगर आणि मध्ये आमच्या तीन इमारती, एवढंच होतं. हवा झकास होती, पण हवा खाऊन किती दिवस राहणार? भाजी हवी तर विक्रोळीला जा, कापड हवं तर घाटकोपरला, चपलेचा अंगठा तुटला तरी बस पकडा. सुमन आमच्या आधी वर्षभर तिथे आली होती आणि त्या एका वर्षात तिनं चारी दिशा पालथ्या घातल्या होत्या. आमच्या पहिल्याच आठवड्यात मी तिला जिन्यात गाठून विचारलं, "इथे चांगला डॉक्टर कोण?"

"कुणासाठी?" ती म्हणाली.

"माझ्यासाठीच."

"तसं नाही गं. तुला घाबरवणारा चालतो, की समजावणारा लागतो? घाबरवणारा भांडुपला आहे, त्याचं औषध लागू पडतं. समजावणारा विक्रोळीला. त्याचं औषध जेमतेमच, पण माणूस अर्धा तिथेच बरा होतो."

मला तेव्हा हा चक्रमपणा वाटला. मी सव्वीस वर्षं फोर्टातल्या एका कंपनीत साहेबाची सेक्रेटरी होते. विचारलेल्या प्रश्नाला एक उत्तर असतं आणि ते फायलीत सापडतं, अशी माझी समजूत. सुमनच्या लेखी 'चांगला' असं काही नव्हतंच, कुणाला चांगला ते आधी ठरायचं. तळमजल्यावरच्या जोशीकाकूंना ती एका शिंप्याकडे पाठवायची आणि मला दुसऱ्याकडे, कारण काकूंना गप्पा मारणारा लागायचा आणि मला वेळेवर देणारा. तलावातला मासा कुणालाच घेऊ द्यायची नाही, चिखलाचा वास येतो म्हणायची. गोराईहून एक कोळीण आठवड्यातून दोनदा टोपली घेऊन बसनं यायची, तिच्याकडे मात्र ती फक्त अशांनाच न्यायची जे घासाघीस करत नाहीत. आणि नुसता पत्ता द्यायची नाही, पहिल्या वेळी स्वतः बरोबर यायची. घाटकोपरच्या गिरणीवाल्यापुढे तिनं मला उभं केलं आणि म्हणाली, "ही आमची वत्सला. हिला सगळं मोजूनमापून लागतं. भाजणी जाड निघाली तर परत घेऊन येईल, सांभाळा." मी शरमले. पण त्या गिरणीवाल्यानं मला कधी जाड भाजणी दिली नाही हेही खरं.

काही वर्षांनी शेजारी चौथी इमारत उभी राहिली आणि एकदम सोळा नवी कुटुंबं आली. सुमनच्या दाराची बेल वाजायची थांबेना. ती कुणाला नाही म्हणायची नाही, त्यामुळे तिचं जेवण दुपारी तीनला व्हायचं. मला ते पाहवेना. मी म्हटलं, "तू सांग, मी टाइप करते. सायक्लोस्टाइलवर प्रती काढून घरोघर वाटू. तुझी पायपीट वाचेल." तीन दुपारी ती आमच्या डायनिंग टेबलाशी बसली. मी कागदावर पाच रकाने आखले होते, नाव, काम, पत्ता, बस, आणि शेवटचा शेऱ्यांचा. पहिले चार पटापट भरायचे, पाचव्यात ती अडकायची. दाताच्या डॉक्टराच्या नावापुढे लिहायला तिनं सांगितलं, "हात हलका, पण आपलं तोंड उघडं असतानाच प्रश्न विचारतो. मान हलवावी." मी हसत हसत तेही लिहिलं. चंद्राबाईंचं नाव आलं तेव्हा मात्र तिनं माझ्या कागदावर हात ठेवला.

चंद्राबाई बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून अंघोळ घालायला यायच्या. मूळच्या देवगडकडच्या, विक्रोळीला चाळीत राहायच्या. यजमान कामाला होते ती कापडगिरणी बंद पडल्यापासून घर त्यांच्यावरच होतं. सुमन म्हणाली, "तिचं नाव यादीत नको."

"का? सगळ्यांत जास्त विचारणा तिचीच असते."

"म्हणूनच. एका वेळी एकच बाळंतीण, असं मी ठरवून दिलंय. पायऱ्या चढायच्या, पाणी उपसायचं, दोन जीव चोळायचे... आणि तिला कुणाला नाही म्हणता येत नाही. म्हणून तिच्या वतीनं मी म्हणते." मग कागदावरचा हात उचलून, "बरं, लिही. पण शेजारी हे लिही. नक्की लिहिशील?"

मी नक्की म्हटलं. खरंच लिहिलंही, कच्च्या कागदावर.

सायक्लोस्टाइलसाठी स्टेन्सिल कापायला बसले तेव्हा पाच रकाने मावेनात. आडवा कागद लावला तर सोसायटीच्या यंत्रात बसेना. मी चार वेळा मोजून पाहिलं. नाव, काम, पत्ता आणि बस यांतलं काहीच काढता येणार नव्हतं, म्हणून शेऱ्यांचा रकाना काढला. यादी फार सुबक झाली. वर्णानुक्रमानं लावलेली, एकही खाडाखोड नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये माझे आभार मानले. सुमननं कागद हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाली, "उरलेलं कुठे आहे?" मी सांगितलं, मावलं नाही. तिनं कागद दुमडून कमरेला खोचला. त्याच दुपारी घरोघर जाऊन तोंडी सांगत सुटली, पण कागद तिच्यापुढे गेला होता. नव्या इमारतीत तेव्हा सगळी तरुण जोडपी. त्या हिवाळ्यात चंद्राबाईंना तीन घरांनी बोलावलं, मग चार. पत्ता छापलेला, बस छापलेली, लोक थेट चाळीत जाऊन ठरवून यायचे. चंद्राबाई सगळ्यांना हो म्हणाल्या.

आणि मग मीरा, तुझी आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. चंद्राबाईंना मी पाचव्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. त्या आल्या तेव्हा उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय नाय वो, जरा भरून आलंय." मी पाहिलं, आणि पुढे विचारलं नाही, कारण मला त्या हव्या होत्या. तुझ्या सातव्या दिवशी त्या पाटावर पाय पसरून बसल्या होत्या, तू त्यांच्या पायांवर पालथी, आणि तुला उताणी करताना त्यांचं मनगट एकदम सुटलं. तू घसरून मोरीच्या फरशीवर आलीस. फार उंची नव्हती. कपाळाला एक टेंगूळ आलं, डॉक्टरांनी पाहून काही नाही म्हणून सांगितलं, दोन दिवसांत उतरलंही. पण त्या क्षणी तू आधी रडलीच नाहीस. ते दोन-तीन सेकंद मी आजही विसरलेले नाही. चंद्राबाई उठल्या, माझ्या पायांना हात लावायला वाकल्या. मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नका." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी थांबले नाही. ज्या ज्या घरी त्या जात होत्या तिथे जाऊन सांगितलं, हात थरथरतो, बाळ पाडलं, विचार करा. आणि यादी नव्यानं टाइप करून, त्यातून त्यांचं नाव काढून, नोटीस बोर्डावर लावली. खाली एक ओळ घातली, की काढलेल्या नावाची शिफारस यापुढे सोसायटी करत नाही. आठवड्याभरात त्यांची सगळी घरं सुटली.

सुमननं ती ओळ बोर्डावर वाचली. मी समोरच होते. मला वाटलं, भांडेल. ती वर आली, हातपाय धुतले, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाटावर बसत म्हणाली, "आण पोरीला." तिला स्वतःला मूल नव्हतं, पण मालवणला भावंडांची चौदा मुलं तिनं न्हाऊ घातली होती. तुझ्या आईचा सव्वा महिना होईपर्यंत रोज सकाळी आठला ती यायची. तेल लावताना तुझ्याशी बोलायची, "बघ गो, तुझी आजी बघ. टॉवेलसुद्धा कवायतीला उभे केल्यासारखे ठेवते." माझ्याशी मात्र त्या दिवसांत मोजकंच. शेवटच्या दिवशी तुला धुपावर धरून झाल्यावर ती म्हणाली, "वत्सले, तिचं नाव परत लिही."

"आणि आणखी कुणाचं बाळ पडलं तर?"

"मग तेही लिही. हात थकलाय असं लिही. पण कशानं थकला ते शेजारी लिही. तुला माहीत आहे कशानं."

मला माहीत होतं. मी म्हटलं, बघू. पुढच्या महिन्यात म्हटलं, नवी यादी करायची आहे तेव्हा एकदम करू. मग तुमच्या बाबांना अमेरिकेतली नोकरी मिळाली, तुमचं जाणं, व्हिसा, बांधाबांध... कारणं मला कमी पडली नाहीत. सुमननं पुन्हा विषय काढला नाही. आम्ही बरोबर हळदीकुंकवाला जात होतो, बांधावर फिरत होतो, तिच्या हातचं सोलकढीचं भांडं दर आठवड्याला माझ्या फ्रिजमध्ये असायचं. फक्त एक बदललं. मी काही विचारलं, चष्मेवाला कोण चांगला, गादी कुठे पिंजून घेऊ, तर म्हणायची, "यादीत बघ ना." हसत म्हणायची. सहा वर्षांत तिनं मला एकही पत्ता सांगितला नाही.

तिचे दिवसवार झाल्यावर भाऊ एक दिवस हातात तेलाची बाटली घेऊन आले. तिळाचं तेल, निम्मं भरलेलं. म्हणाले, "वहिनी, एक काम होतं. विक्रोळीला चंद्राबाईंना कुणीतरी कळवायला हवं. मला धीर होत नाही."

"चंद्राबाईंना? सुमन त्यांना भेटायची?"

"दर गुरुवारी, अकराच्या बसनं. त्यांचा हात चोळून द्यायला. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आम्ही सगळ्या समजत होतो, गुरुवारी ती दत्ताच्या देवळात जाते. तिनं तसं कधी सांगितलं नव्हतं, आम्हीच ठरवलं होतं. बाटली मी घेतली आणि दोन आठवडे शेल्फवर ठेवली. त्या दोन आठवड्यांतली माझी सगळी येरझार त्या बाटलीभोवती होती, हे मला आता कळतं. शेवटी गेल्या गुरुवारी अकराची बस धरली.

चाळीतली खोली लगेच सापडली. पत्ता मीच टाइप केलेला होता. चंद्राबाई उंबऱ्याशी बसून चिंचा निवडत होत्या, शाळेच्या दारात विकायला. खूप वाळल्या आहेत. मला ओळखून उठल्या, पाट दिला, नातीची चौकशी केली. "सुमन..." मी सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पाच गुरुवार नाय आली, तवाच समाजलंय." मी बाटली पुढे केली तेव्हा त्यांनी, बहुधा सवयीनंच, उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी तेल ओतून चोळू लागले. मला ते येत नाही. त्या म्हणाल्या, "हळू वो. हाड हा ता, पोळपाट नाय." मग आपणहून बोलायला लागल्या. "सुमनबायसारकी बाई नाय गावायची. चूक झाली तिच्याकडून, माझं नाव कागदावर घातलं, मग तिनंच काढलं, पण माझ्यासमोर येऊन बसली आणि कबूल केलं. रडली. इतकी वर्सं फेडत होती. कोण करतं असं?"

माझे हात थांबले. "तिनं तुम्हाला असं सांगितलं?"

"तर. हितंच बसून."

दाराबाहेर कुणीतरी नळावर हंडा घासत होतं. मला आठवतं, मी त्या आवाजाकडे लक्ष देऊन वाट पाहिली, तो थांबेल म्हणून. तो थांबला नाही. मी म्हटलं, "चंद्राबाई, यादी सुमननं केली नव्हती. मी केली. एका वेळी एकच घर, हे लिही म्हणून तिनं मला बजावलं होतं. मी लिहिलं नाही. नाव मी काढलं. घरोघर जाऊन तुमच्याबद्दल सांगितलं तेही मी. तुमचा हात कशानं गेला हे मला तेव्हाही माहीत होतं."

त्यांनी हात काढून घेतला नाही. तो तसाच माझ्या मांडीवर राहिला, जड, तेलानं चकाकणारा. डाव्या हातानं त्यांनी चिंचा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "मग ती कशाला येत होती?"

याचं उत्तर मी अजून शोधते आहे. मला वाचवायला म्हणावं, तर ती तशी बाई नव्हती, तोंडावर बोलणारी होती. कदाचित तिच्या मते नाव सांगणारा आणि नाव छापणारा यांत फारसा फरक नव्हता. कदाचित चंद्राबाईंनी आमच्या सोसायटीतल्या निदान एका बाईला माफ करावं, एवढंच तिला हवं असेल. मी गेली कित्येक वर्षं तिच्याबरोबर बांधावर फिरत होते, केव्हाही विचारू शकले असते, पण विचारण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. चंद्राबाईंनी पदरानं मनगट पुसलं, बाटलीचं बूच लावलं आणि पुन्हा चिंचा पुढे ओढल्या. मी उठले तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "तेल ऱ्हांव दे हितं. गुरुवारी बघू."

घरी येऊन मी टाइपरायटर काढला. दोन कागद शेजारी शेजारी चिकटवले म्हणजे पाच रकाने आरामात मावतात, हे मला सहा वर्षांपूर्वी सुचायला हरकत नव्हती. सायक्लोस्टाइल होत नाही, म्हणून एकच प्रत केली आणि बोर्डावर लावली. चंद्राबाईंच्या नावापुढच्या रकान्यात मी लिहिलं आहे, 'आता काम करत नाहीत. हात गेला तो जुन्या यादीमुळे, यादी मी केली होती. बाळ निसटलं त्यात त्यांचा दोष नव्हता. बाळंतपणातलं काही विचारायचं असेल तर यांच्याइतकं कुणाला कळत नाही. एका वेळी एकाच घरानं जावं.' खाली माझं नाव घातलं आहे. काल नव्या इमारतीतल्या दोघी बोर्डापुढे उभ्या राहून वाचत होत्या. मला पाहून त्या गप्प झाल्या. तशा आता बऱ्याच जणी होतात.

मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या पत्रातल्या एका मुद्द्यात बसलं नसतं, म्हणून एवढं लांबलं. आज बुधवार आहे. उद्याची अकराची बस मला माहीत आहे, स्टॉपही माहीत आहे, हळू कसं चोळायचं तेही जोशीकाकूंच्या मनगटावर दोन दिवस करून पाहिलंय. पण चंद्राबाई 'गुरुवारी बघू' म्हणाल्या होत्या, 'गुरुवारी या' असं म्हणाल्या नव्हत्या... मी सकाळपासून चार वेळा घड्याळ पाहिलं.